माहीत असलेली वाट

मला फलकासाठी चार ओळी लिहून द्यायला सांगितलं आहे. गोड लिहा, असंही बजावलं आहे. आमच्या रविवारी चालायला जाणाऱ्या मंडळाने तळ्याच्या वाटेला आडे मॅडमचं नाव द्यायचं ठरवलं आहे. वाटेच्या तोंडाशी लोखंडी कमान, तिच्यावर 'कै. आडे मॅडम निसर्ग पायवाट' अशी अक्षरं आणि खाली मॅडमचा हसरा फोटो. आता मॅडमचा हसरा फोटो कुणाकडेच नव्हता. म्हणून कुठल्याशा सहलीच्या फोटोतला, ऊन डोळ्यांवर आल्यामुळे तोंड वाकडं झालेला, कापून घेतला आहे. फोटोच्या खाली आणखी एक ओळ येणार आहे. ती लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही, ती आधीच ठरली आहे : 'जागामालकांच्या सौजन्याने'.

ही ओळ वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हणून त्या चार गोड ओळी बाजूला ठेवल्या आणि हे लिहायला बसलो. हे गोड होणार नाही.

आडे मॅडम आमच्या हिंगोलीच्या हायस्कुलात खेळ शिकवायच्या आणि मी गणित. उंच, काटक बाई. नेसूची साडी गुडघ्याच्या जरा खालीच असायची आणि पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. बायकांचे बूट चालण्यासाठी नसतात, दाखवण्यासाठी असतात, असं त्यांचं मत होतं आणि ते त्या बुटांच्या दुकानात मोठ्याने सांगत. सगळ्यांना आडनावाने हाक मारायच्या. सर नाही, राव नाही, हजेरी घ्यावी तसं नुसतं कदम, काळे, वानखेडे. हेडमास्तरांनाही तसंच. एका हेडमास्तरांनी यावर नाराजी दाखवली तेव्हा म्हणाल्या, "तुमी मला नुसतं आडे म्हणा, मी कवा रडले?"

त्यांना राग फार यायचा. पण राग आला म्हणून आवाज चढवत नसत, चाल वाढवत. मैदानावर कुणा पोराने खोडी काढली की मॅडम त्याच्याकडे न बघता मैदानाला फेऱ्या घालू लागायच्या आणि ते पोरगं कासावीस होऊन त्यांच्या मागे पळायचं. मंडळ निघालं तेव्हा आम्हालाही हीच खूण उपयोगी पडली. मॅडम पन्नास पावलं पुढे असल्या तर बोलायला हरकत नाही, वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या तर आज गप्प राहिलेलं बरं.

मंडळ त्यांच्यामुळेच निघालं. आम्ही दोघंही निवृत्त झालो होतो. शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमाला गेलो असताना स्टाफरूममध्ये कुणी तरी नेहमीप्रमाणे म्हणालं असेल की हिंगोलीत पाहण्यासारखं काय आहे, फिरायचं तर महाबळेश्वरला जावं. मॅडम दुसऱ्या रविवारी पहाटे माझ्या दारात. "कदम, चला. काय हाय ते दाखवते." त्या दिवशी आम्ही कयाधूच्या काठाने नरसीच्या बाजूला किती तरी लांब गेलो. नदी म्हणजे हिवाळ्यात पाण्याचे तुकडेच उरतात, पण त्या तुकड्यांवर बगळे होते, पलीकडे हळदीची हिरवीगार पानं, आणि काठावरून गेलेली एक वाट. जन्म इथे काढून ती मी पाहिलेली नव्हती. हळूहळू दातांचे डॉक्टर आले, बँकेतून निवृत्त झालेले व्यवस्थापक आले. व्यवस्थापक आल्यावर मंडळाला नाव पडलं, नावाचे टी-शर्ट आले आणि व्यवस्थापक आपोआप अध्यक्ष झाले. अशी माणसं जिथे जातात तिथे अध्यक्षच होतात.

मॅडमच्या तीन वाटा होत्या. नदीची वाट, जंगलाची वाट आणि तळ्याची वाट. जंगल म्हणजे वनखात्याची राखीव जागा : साग, पळस, टेंभुर्णी, रोह्यांचे, म्हणजे नीलगाईंचे, कळप आणि सकाळचे मोर. तळं त्याच्या पलीकडे, पाझर तलाव म्हणून बांधलेलं, पण थंडीत त्याच्यावर लांबून आलेली बदकं उतरतात. आम्ही तळ्यावर पोचलो की सगळ्यांचे कॅमेरे निघायचे. मॅडम पाण्याकडे पाठ करून बसायच्या आणि भाकरीवर तिळाची चटणी घेऊन खायच्या. मी एकदा विचारलं, पक्षी बघत नाही का म्हणून. म्हणाल्या, "पक्ष्याला बघनारे लई हायेत." त्यांचं तोंड तांड्याकडे असायचं. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि तांड्यातून डांबरी रस्त्याकडे येणारी पांदण तिथून सरळ दिसायची. कोण येतंय, कोण जातंय, हे त्या जेवताना बघत राहायच्या.

ही पांदण म्हणजेच तळ्याची वाट. दोन शेतांच्या मधून गेलेली, सगळ्यांची, कुणाच्याच मालकीची नसलेली गाडीवाट. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर अंग चोरून निघतील एवढी ती पूर्वी रुंद होती, दोन्ही धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, बोरी आणि हिवर. तांड्याच्या लोकांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे, ते याच वाटेने. पुढे बैल गेले, लोक शेती करू लागले, वाट राहिली. मॅडमची याडी, म्हणजे आई, डोक्यावर मोळी घेऊन याच वाटेने हिंगोलीला विकायला जायची आणि तिच्या मागे दप्तर घेतलेल्या मॅडम. तांड्यातून शाळेत गेलेली ती पहिली पोरगी. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. आपल्या कष्टाच्या कहाण्या सांगणाऱ्यांचाही त्यांना राग यायचा.

एका रविवारी या पांदणीवर डॉक्टर थबकले. दोन्ही बाजूंनी शेत भाऊसाहेबांचं. भाऊसाहेब म्हणजे त्या शिवारातले मोठे जमीनदार, सगळे त्यांना भाऊसाहेबच म्हणतात, मीही तेवढंच लिहितो. डॉक्टर फार सभ्य. म्हणाले, "मॅडम, मालकांना एकदा विचारून घेऊ या का? उगाच कुणाचं मन दुखवायला नको."

मॅडम वळल्या. "डॉक्टर, वाट कवा विचारतात?"

"म्हणजे?"

"माहीत नसली तर. परक्या गावात गेलात, वाट सापडंना झाली, तर विचारायची. ही तर तुमाला माहीत हाय. माहीत असलेली वाट काहून विचारायची?"

डॉक्टर हसले. त्यांना तो शब्दांचा खेळ वाटला. मॅडम हसल्या नाहीत. "आज तुमी विचारलं, तो म्हणला जा. उद्या तो म्हणंल नका जाऊ. मंग तुमी काय करताल? त्याची हाय हे तुमीच त्याला शिकवलं ना." एवढं बोलून त्या निघाल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या. परत येताना भाऊसाहेब स्वतः धुऱ्यावर उभे होते. मॅडमनी लांबूनच खणखणीत "रामराम" घातला आणि न थांबता पुढे गेल्या. रामराम घालायचा, विचारायचं नाही. हा त्यांचा रिवाज होता आणि मंडळात नव्याने येणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी सांगितला जायचा.

दुसरा प्रसंग जंगलाच्या वाटेवरचा. तिथे नवा वनरक्षक आला होता. डॉक्टरांना बघून त्याने सलाम ठोकला, आडवी काठी वर केली आणि त्याच वेळी मागून येणाऱ्या तांड्याच्या बायांना अडवलं. बायांच्या डोक्यावर वाळलेल्या काटक्यांच्या मोळ्या. मॅडम बऱ्याच पुढे गेल्या होत्या, त्या परत आल्या.

"ह्यांला काहून थांबवलं?"

"लाकडं हायेत मॅडम. ह्या रोजच नेतात."

"वाळल्या काटक्या हायेत. आन आमी?"

"तुमी फिरायला आलात."

"ह्या पन फिरायलाच आल्यात. आमच्या ग्रुपातल्या हायेत." असं म्हणून त्यांनी एका बाईच्या डोक्यावरची मोळी उचलली आणि आपल्या डोक्यावर घेतली. "डॉक्टर, एक तुमी घ्या. अध्यक्ष, एक तुमी." आणि घेतली हो दोघांनी. मॅडमच्या त्या नजरेपुढे हेडमास्तरांचं काही चाललं नाही, तर यांचं काय चालणार. मंडळाच्या टोप्यांवर मोळ्या ठेवून आम्ही त्या काठीखालून गेलो, मागून बाया पदर तोंडात धरून हसत होत्या आणि वनरक्षकही शेवटी हसला.

मला तो दिवस फार आवडला होता. पण अध्यक्षांनी पुढे तो प्रसंग जिथे तिथे सांगायला सुरुवात केली. वाढदिवसाला, निरोप समारंभाला, 'आमच्या मॅडम म्हणजे फार विनोदी' असं म्हणून मान कशी अवघडली होती ते हावभावांसह. एकदा मॅडम समोर होत्या. सगळे पोट धरून हसत असताना त्या म्हणाल्या, "मी विनोद केला न्हवता." तरी लोक हसले. माणूस संतापाने बोलतोय आणि ऐकणाऱ्यांची त्यात करमणूक होतेय, याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही मला माहीत नाही.

भाऊसाहेब मात्र विनोदी नव्हते. त्यांचं काम सावकाश आणि बेतशीर होतं. दर उन्हाळ्यात नांगर पांदणीकडे एक-दोन ओळींनी सरकायचा. आधी धुऱ्यावरच्या बोरी गेल्या, मग हिवर. गाडीवाट होती तिची बैलवाट झाली, बैलवाटेची पाऊलवाट झाली. कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो, इथे शेतानेच वाट खाल्ली. तांड्याने तोंडी सांगून पाहिलं, भाऊसाहेब म्हणाले, मोजून बघा. मोजायला कुणी आलं नाही. आणि एका दिवाळीनंतर त्यांनी उरलेल्या पाऊलवाटेवर आडवी काटेरी तार ओढली. झालं, वाट संपली.

तार ओढल्याने काय बिघडलं ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. उन्हाळ्यात काहीच बिघडत नाही, तांड्याचे लोक तळ्याच्या सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या दगडी उतारावरून, रस्त्याला येतात. पावसाळ्यात तळं भरलं की तो सांडवा वाहतो. दगडाला शेवाळ धरतं. मोठा माणूस काठी टेकत कसा तरी येतो, दप्तर घेतलेली पोरगी येऊ शकत नाही. तांड्यात चौथीपर्यंत शाळा आहे. पुढचं शिकायला आमच्या जिल्ह्यातल्याच गोरेगावला जाणाऱ्या रस्त्याला येऊन एस. टी. धरावी लागते. पोरांचं काय, पोरं मावशीकडे, मामाकडे, कुठेही राहतात. पोरींना कुणी तसं ठेवत नाही. दोन पावसाळे घरी बसली की पोरगी शाळेतून सुटली आणि तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली असं समजायचं. मॅडमचा सगळा जीव या एका गोष्टीत अडकलेला होता. त्यांनी तांड्याला अर्ज करायला लावला, स्वतः तहसील कचेरीत चकरा मारल्या आणि होळीनंतर तिथले साहेब जागेवर येऊन पाहणी करतील असं ठरवून आणलं.

आणि मधल्या काळात आमच्या मंडळाने आपली अक्कल पाजळली.

मी त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला होतो. मॅडम तांड्यात भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. अध्यक्षांनी विचार केला की हे भांडण गोडीगुलाबीने मिटवावं. ते भाऊसाहेबांना भेटले. भाऊसाहेब कसले हुशार. म्हणाले, तुम्ही सुशिक्षित माणसं, तुम्हाला मी कधी नाही म्हटलं का? रविवारी या, तार सोडून ठेवतो, हुरडा खाऊन जा. मंडळ गेलं, हुरडा खाल्ला, आणि नुसतं खाऊन कसं यायचं म्हणून सत्कार केला. शाल घातली, नारळ दिला, 'निसर्गमित्र' अशी अक्षरं कोरलेली काचेची वस्तू दिली. आपल्याकडे दोन माणसं एका जागी जमली आणि तिसरा जरा बऱ्या परिस्थितीतला असला की त्याचा सत्कार झालाच पाहिजे, हा आपल्याला जडलेला रोगच आहे. अध्यक्षांचं भाषण फोनवर फिरत फिरत माझ्याकडे आलं. एका डोळ्यावर पट्टी होती, पण एका डोळ्याने पाहिलं तेवढं पुरे झालं. "भाऊसाहेबांनी मोठ्या मनाने आपल्या शेतातून आम्हाला वाट दिली, मंडळ त्यांचं कायम ऋणी राहील." टाळ्या. डॉक्टर सर्वांत पुढे बसून टाळ्या वाजवत होते.

मी घरी आल्यावर मॅडम मला बघायला आल्या. डोळ्याची चौकशी केली. चहा घेतला नाही. बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. त्या बसून राहिल्या याचीच मला भीती वाटली.

"कदम, त्यांनी काय केलं ते तुमाला समजलं का?"

"समजलं."

"त्यांला समजलं न्हाई. समजून केलं असतं तर मी भांडले असते. ह्या लोकांशी भांडावं तरी कसं?"

तरी त्या अध्यक्षांकडे गेल्या. मी बरोबर गेलो. अध्यक्षांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समजावणीच्या सुरात बोलू लागले. "मॅडम, दगडापेक्षा वीट मऊ. माणसाला मान दिला की माणूस विरघळतो. यात तुमच्या तांड्याचंच भलं आहे."

"तुमी भाऊसाहेबाला नारळ दिला म्हणता," मॅडम म्हणाल्या. "भाऊसाहेबाला न्हाई दिला. तांड्याला दिला."

हेही अध्यक्षांना समजलं नाही. आम्ही उठून जिन्यावरून खाली येत होतो तेव्हा ते वरून बायकोला विचारत होते की तांड्यात नारळ कुणी वाटले. मॅडमनी मंडळाचा टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत पाठवला आणि त्या रविवारपासून कधीही मंडळाबरोबर चालल्या नाहीत. मीही सोडलं. मंडळाने त्यावर एक ठराव केला की ज्येष्ठांच्या तब्येतीच्या कारणाने सभासद कमी होत आहेत.

पाहणीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. तांड्याची सगळी माणसं तारेपाशी उभी, बाया, म्हातारे, शाळेच्या पोरी. साहेब आले. आणि मग पलीकडून भाऊसाहेब आले, त्या रणरणत्या उन्हात खांद्यावर शाल घेऊन. तीच शाल. घाम गळत होता, पण शाल नीट घडी घालून दोन्ही खांद्यांवर.

तांड्याच्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, मॅडमनी सांगितलं, वाट कुठून कुठे जायची ते चालून दाखवलं. भाऊसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, म्या कवा कुनाला न्हाई म्हनलो? यावं, इचारावं, जावं. हिंगोलीची मोठी मोठी मंडळी आली, त्यांनी इचारलं, म्या सोडलं. त्यांनीच ही शाल घातली. सार्वजनिक वाट असती तर मला काहून घातली असती? आपल्या वाटंनं गेल्याबद्दल कुनी दुसऱ्याचे आभार मानतं का?"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. "तुम्हीही त्या मंडळात आहात ना?"

"व्हते," मॅडम म्हणाल्या.

मी जन्मभर गणित शिकवलं. खोटी सिद्धता समोर आली तर चूक कोणत्या ओळीत आहे ते मला दिसतं. भाऊसाहेबांच्या बोलण्यात ती ओळ सापडत नव्हती, कारण ती आमच्याच लोकांनी त्यांना लिहून दिली होती. साहेबही वाईट नव्हते. म्हणाले, प्रकरण पुढे चालेल, वेळ लागेल, तोवर सामोपचाराने घ्या. भाऊसाहेबांनी तार काढून तिथे गेट बसवावं, आणि तांड्याच्या लोकांनी विचारून जावं. दोन्ही बाजूंचा मान राहिला असं त्यांना मनापासून वाटलं. मग ते भाऊसाहेबांकडे ताक प्यायला गेले. अध्यक्ष त्या दिवशी आले नव्हते. त्यांना लग्न होतं.

प्रकरण अजून पुढेच चाललं आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी मॅडमनी हिंगोलीचं घर बंद केलं आणि त्या तांड्यात भावाकडे राहायला गेल्या. मी श्रावणात एकदा त्यांना भेटायला गेलो. पाऊस उघडला होता, सांडव्यावर घोटाभर पाणी होतं, ते ओलांडून गेलो. रात्री भावाकडे जेवलो, झोपलो. पहाटे पुन्हा पाऊस लागला.

सकाळी पोरी शाळेला निघाल्या तेव्हा मॅडमही निघाल्या. मी त्यांच्या मागे. तळ्याच्या काठाने सगळे गेटपर्यंत आलो. गेटवर भाऊसाहेबांचा सालगडी पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसलेला. एकीने विचारलं म्हणजे सगळ्यांचं झालं असं नव्हतं, प्रत्येकीने विचारायचं असा मालकाचा हुकूम होता. पहिली पोरगी पुढे झाली. "काका, जाऊ का?" तो म्हणाला, "जा." दुसरी. "काका, जाऊ का?" "जा." तिसरीने तोंड उघडलं, तिची नजर बाजूला उभ्या असलेल्या मॅडमवर गेली. तिने मान खाली घातली, पुटपुटली. सालगडी म्हणाला, "जा." त्याच्यानंतरच्या सगळ्या तशाच पुटपुटत गेल्या. कुणी रागावलं नव्हतं, मॅडम एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

शेवटची पोरगी गेल्यावर सालगडी उठून उभा राहिला. गरीब माणूस, त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. "मॅडम, तुमी जा की. तुमाले कोन इचाराले लावून राहिलं?"

"तू जा म्हणलास ना," मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तू सोडलंस." आणि साडी वर खोचून त्या सांडव्याकडे वळल्या.

रात्रीतून पाणी वाढलं होतं. मी चपला हातात घेतल्या आणि त्यांच्या मागोमाग उतरलो. पाणी पिंढऱ्यांच्या वर होतं, पायाखाली शेवाळ. माझा तोल जात होता, जीव मुठीत धरून चाललो होतो, आणि भीतीपेक्षा जास्त मला राग येत होता. भाऊसाहेबांचा, अध्यक्षांचा, त्या शालीचा, आणि या हट्टी बाईचाही. मी मागून ओरडलोच.

"मॅडम, असंच जायचंय तर रोज गेटपर्यंत येता कशाला?"

त्यांनी मागे पाहिलं नाही. काठी पुढच्या दगडावर टेकवली, तो हलत नाही हे बघितलं, मग बोलल्या. "मी उभी असले की पोरींला विचारायची लाज वाटते."

"त्यात पोरींची काय चूक?"

"काहीच न्हाई. त्यांला शाळा गाठायची हाय, त्यांनी विचारावं आन जावं. मीच सांगितलं त्यांला, विचारा म्हणून." त्या थांबल्या. पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जोरात जात होतं. "पन सवय नको लागायला, कदम. तोंडाला एकदा सवय लागली की ही वाट आमची व्हती हे तांड्यात कुनालाच आठवनार न्हाई. जीभ अडखळली पाहिजे. रोज थोडी अडखळली, बास."

आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा पोरींना घेऊन एस. टी. निघून गेली होती. मी विचारलं, हिंगोलीला येता का, माझ्याकडे दोन दिवस राहा, कपडे वाळवा. त्या नाही म्हणाल्या. दुपारी पोरी परत येतात, त्यांना पुन्हा विचारावं लागतं, तेव्हा गेटवर असलं पाहिजे. हिंगोलीकडे जाणारी जीप आली. मी आत बसलो, वळून पाहिलं, तर मॅडम साडी खोचून पुन्हा पाण्यात उतरत होत्या.